हद्दीपलीकडचा भोपळा

मोजणीसाहेबांना निवृत्त होऊन चार महिने झाले होते आणि तेवढ्यात त्यांनी राहतं घर तीनदा मोजून काढलं होतं.

पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. कुणाचं कुंपण कुणाच्या अंगणात घुसलंय, कुणाच्या गोदामाची भिंत रस्त्यावर आलीये, सगळं त्यांनी फितीवर आणून दाखवलं होतं. एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊसुद्धा मोजणीसाहेबांनी फीत उलगडली की मुकाट बाजूला उभे राहायचे. आता फीत होती, हातात कस होता, पण मोजायला काही उरलं नव्हतं. मग त्यांनी आपला मोर्चा घराकडे वळवला. स्वयंपाकघरातलं फडताळ डावीकडे पाव इंच उतरलंय, असं त्यांनी सुनेला सांगितलं. खिडकीचे दोन पडदे सारख्या लांबीचे नाहीत, हेही सांगितलं. एका दुपारी त्यांनी सगळे डबे उंचीप्रमाणे ओळीत लावून दिले. पुढचे तीन दिवस तिला मीठ सापडलं नाही.

सून इस्पितळात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना 'हलू नका, श्वास रोखून धरा' म्हणून सांगणारी ती बाई हल्ली घरी आल्यावर स्वतःच श्वास रोखून धरत होती. तिचा सासऱ्यांवर जीव होता. सासूबाई गेल्या त्याला सहा वर्षं झाली होती. ती वर्षं सासऱ्यांनी कामाच्या रगाड्यात कशीबशी ढकलली, हे तिला दिसलं होतं. तिने नवऱ्यापाशी विषय काढला, तर 'होईल सवय' एवढंच म्हणून तो पुन्हा वर्तमानपत्रात शिरला.

शेवटी तिनेच उपाय शोधला. वाचनालयाच्या फलकावर एक चिठ्ठी लागली होती. जुन्या पाण्याच्या टाकीमागच्या सामुदायिक बागेत तीन तुकडे रिकामे आहेत, ज्याला भाजी लावायची हौस असेल त्याने अर्ज करावा, नवशिक्यांसाठी दर रविवारी सकाळी वर्ग असतो. तिने तिथेच उभ्याउभ्या सासऱ्यांच्या नावाने अर्ज भरला. 'पूर्वानुभव' या रकान्यापाशी ती जरा घुटमळली आणि मग तिने लिहिलं, 'जमिनीशी पस्तीस वर्षांचा संबंध.' त्यात खोटं काहीच नव्हतं.

मोजणीसाहेबांना हे कळलं तेव्हा ते चांगलेच रागावले. आपण जन्मात एक रोप लावलेलं नाही, या वयात चिखलात हात घालणार नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं.  रविवारी सकाळी सुनेने त्यांचे जुने बूट दाराशी आणून ठेवले. अर्ज झालाय तर निदान जाऊन नाही म्हणून यावं, एवढ्याच विचाराने ते निघाले. जाताना खिशात फीत टाकायला मात्र विसरले नाहीत.

बाग म्हणजे चाळीस तुकडे होते, प्रत्येकी बारा फूट रुंद आणि वीस फूट लांब. मधून विटांच्या पायवाटा होत्या, दोन नळ होते, अवजारांची एक खोली होती आणि एका कडेला फळ्यांनी वेढलेला खताचा मोठा ढीग होता. बागेतल्या सगळ्यांच्या घरची सालं, देठं, उरलासुरला पाला त्याच ढिगावर पडायचा. बागेचा कारभार पाहायचा एक बेकरीवाला. भट्टी पहाटे आटपली की तो पिठाच्या हातानेच इकडे यायचा. त्या दिवशी तो पाचसहा नवख्यांना बी कसं पेरायचं ते दाखवत होता. बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत खोल, असं तो म्हणाला.

"कुणाच्या बोटाच्या?" मोजणीसाहेबांनी विचारलं.

बेकरीवाल्याने स्वतःच्या जाडजूड बोटाकडे पाहिलं, मग समोरच्या सहा जणांच्या बोटांकडे पाहिलं. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. पण त्याला माणूस आवडला. नकार द्यायला आलेल्या साहेबांच्या हातात त्याने नऊ नंबरच्या तुकड्याचा कागद आणि एक खुरपं ठेवलं, आणि तो दुसऱ्या कामाला पळाला.

साहेबांनी आधी तुकडा मोजला. तो नऊ इंचांनी कमी भरला. त्यांनी पुन्हा मोजला. मग शेजारचा दहा नंबरचा मोजला, तर तो नेमका नऊ इंचांनी जास्त निघाला. त्यांच्या अंगात चार महिन्यांत पहिल्यांदाच तरतरी आली.

दहा नंबरचा तुकडा, ओळीतला शेवटचा, ढिगाच्या बाजूचा, होता नर्समावशींचा. त्यांनी प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून सगळी हयात काढली होती. निम्म्या गावाने जगात आल्यावर पहिल्यांदा त्यांचेच हात अनुभवले होते, बेकरीवालाही त्यातलाच. त्यामुळे त्या सगळ्यांच्याच मावशी झाल्या होत्या. एका गुडघ्याने त्यांना दगा दिला होता, पण बाकी बाई खणखणीत. त्यांचा तुकडा म्हणजे जंगल होतं. घेवड्यात झेंडू, झेंडूत काकडी, काकडीच्या पायाशी पुदिना, आणि कुठे काय लावलंय ते त्यांचं त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. झाडांशी त्या प्रसूतिगृहातल्याच आवाजात बोलायच्या. "घाई नाही गं," असं टोमॅटोला सांगायच्या, "सावकाश. जमतंय तुला."

साहेबांनी त्यांना नऊ इंचांचं सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, घ्या की मग, माझ्याकडे ते नुसतेच पडलेत. पस्तीस वर्षांत साहेबांना असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. भांडण होणार म्हणून ते तयारीत होते, आणि आता त्या तयारीचं काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी दोन खुंट्या ठोकल्या, पांढरी दोरी ताणून बांधली आणि नऊ इंच ताब्यात घेतले. घरी जाऊन त्यांनी सुनेला सांगितलं की पुढच्या रविवारी जावं लागेल, काम अर्धवट राहिलंय.

त्यांचा पहिला महिना वाईट गेला. त्यांनी आठ ओळींत मुळ्याचं बी पेरलं, प्रत्येक ओळीत सात, दोन बियांमध्ये चार इंच. प्रत्येक ओळीच्या टोकाला सुवाच्य अक्षरात पाटी लावली. कपाने मोजून दिवसातून तीनदा पाणी घातलं. छप्पन्न बियांपैकी एकोणीस उगवल्या आणि त्याही आठवड्याभरात देठाशी कुजून आडव्या झाल्या. दोरीच्या पलीकडे मावशींच्या जंगलात, कुणी काही न मोजता, सगळं तरारून आलं होतं. मावशींनी हसून एवढंच सांगितलं की साहेब, पाणी तुम्हाला आठवण झाली म्हणून नाही, मातीला तहान लागली म्हणून घालायचं. मग त्यांनी त्यांना मातीत बोट घालून ओल बघायला शिकवलं. दुसऱ्या पेरापर्यंत.

पुढच्या महिन्यात बागेत रोपांची अदलाबदल होती. टाकीच्या सावलीत लांब बाकं मांडायची, ज्याच्याकडे जास्तीची रोपं असतील त्याने आणायची, हवी ती न्यायची, असा तो बेत. बाहेरचेही लोक येणार होते. साहेबांजवळ द्यायला मेलेले मुळे आणि पाट्या सोडून काहीच नव्हतं. लांबूनच बघून परतावं म्हणून ते फाटकापाशी उभे राहिले. तेवढ्यात सतरा नंबरच्या तुकड्यावरच्या बसचालकाने त्यांना गाठलं. त्याला मांडव घालायचा होता आणि चारही खांब काटकोनात येत नव्हते. साहेबांनी फीत काढली, तीन-चार-पाचाचा हिशोब लावला आणि पाच मिनिटांत खांब सरळ करून दिले. बसचालकाने खूश होऊन त्यांच्या हातात वांग्याची दोन रोपं ठेवली. मग बावीस नंबरवाल्या बाई आल्या, त्यांच्या पायवाटेला पाणी साचत होतं, उतार काढून हवा होता. मग आणखी कुणी आलं. दुपारपर्यंत साहेबांनी अर्धी बाग मोजली आणि चौदा रोपं मिळवली. ती दोन्ही हातांत धरून ते घरी आले तेव्हा सुनेने दार उघडलं आणि पहिल्यांदा तिला सासऱ्यांचा चेहरा दिसलाच नाही, नुसता पाला दिसला. त्या संध्याकाळी जेवताना ते वांग्यांबद्दल इतकं बोलले की मुलाने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

त्यानंतर ते दिवसाचा बराच वेळ बागेतच असायचे. चौदापैकी अकरा रोपं जगली. टोमॅटोला फुलं आली तेव्हा आजूबाजूला कुणी नाही ना ते बघून साहेबही हळूच म्हणाले, "जमतंय."

भोपळ्याचा प्रकार घडला तो याच सुमारास. एके सकाळी त्यांना दिसलं की मावशींच्या जंगलातून एक जाडजूड वेल दोरीखालून त्यांच्या तुकड्यात आलाय. हातभर आत आला होता. साहेबांनी त्याचा शेंडा हलकेच उचलून पलीकडे वळवून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आत होता. त्यांनी पुन्हा वळवला. असं आठ दिवस चाललं, आणि वेल काही ऐकेना. मग मुलाकडच्या पाहुण्यांसाठी ते दोन दिवस घरीच राहिले. तिसऱ्या दिवशी येऊन पाहतात तर वेल तीन फूट आत येऊन पसरलेला, आणि पानाखाली लिंबाएवढा हिरवा भोपळा.

त्यांनी पान परत होतं तसं ठेवलं. इकडे तिकडे पाहिलं. आणि शेंडा वळवायचा त्यांना जो विसर पडला तो पडलाच.

भोपळा वाढू लागला तशी साहेबांची त्यात माया गुंतत गेली. खाली ओल लागून कुजू नये म्हणून त्यांनी फरशीचा तुकडा सारला. दुपारच्या उन्हासाठी जुना पंचा पांघरला. रोज सकाळी फितीने घेर मोजून वहीत लिहू लागले. एकदा एका रात्रीत तो दोन इंचांनी वाढला, तर त्यांनी ती बातमी सुनेला इस्पितळात फोन करून दिली. मावशींना यातलं काही ठाऊक नव्हतं असं नाही. मादी फूल उमललं त्या सकाळी सहाला येऊन त्यांनीच दोरीवरून हात घालून नर फूल त्याला लावलं होतं. साहेब गेल्यावर संध्याकाळी त्या भोपळ्याची चौकशी करून जायच्या, आणि पंचा सरकला असेल तर नीट करायच्या. म्हणजे दोघेही त्याला आपापला समजून सांभाळत होते, आणि दुसरा केवळ शेजारधर्म पाळतोय अशी दोघांचीही समजूत होती.

बागेचा वार्षिक मेळावा जवळ आला. मेळाव्यात सगळ्यात वजनदार भोपळ्याची स्पर्धा असायची. बेकरीवाल्याने अवजारांच्या खोलीत खिळ्याला अर्ज अडकवायला सांगितले होते. एका सकाळी तो अर्ज चाळत बसला. त्यात नऊ नंबरचा एक भोपळा होता आणि दहा नंबरचा एक भोपळा होता. तो नोंद करायला गेला, तर दोन तुकड्यांत मिळून भोपळा एकच. तो मटकन पायवाटेवर बसला. मावशींचा तो लहानपणापासून धाक बाळगून होता आणि साहेबांनी नुकतंच त्याची अवजारांची खोली तिरकी असल्याचं सप्रमाण दाखवून दिलं होतं. त्याने दोघांना बोलावून घेतलं आणि स्वतः दोन पावलं मागे उभा राहिला.

मावशी आधी हसल्याच. वेल त्यांच्या तुकड्यातून आलाय, फुलाला फूल त्यांनी लावलंय, यात वाद कसला, असं त्यांना वाटलं. साहेबांनी वही उघडली. फळ आपल्या हद्दीत आहे, फरशी आपली, पंचा आपला, आणि बावन्न दिवसांची नोंद आपली, असं त्यांनी एकेक करून सांगितलं.

"नोंदीने भोपळा वाढत नाही, साहेब."

"हद्द म्हणजे हद्द, बाई. पस्तीस वर्षं मी हेच केलंय."

मावशींचा चेहरा पडला. "मग पस्तीस वर्षांत," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला कुणी आपणहून काही दिलं नसेल."

त्यांनी झारी उचलली आणि लंगडत निघून गेल्या. साहेब वही धरून उभे राहिले. पायाखालची नऊ इंच जमीन त्यांना त्या बाईंनीच आपणहून दिली होती.

पुढचे चार दिवस दोघे वेळ टाळून येत होते. मावशी आल्या की साहेब टाकीमागे थांबायचे, साहेब आले की मावशी अवजारांच्या खोलीत शिरून खुरपी पुसत बसायच्या. बागेतल्या लोकांना दोघांशी वेगवेगळं बोलावं लागायचं. बसचालक तर म्हणायला लागला की यापेक्षा भोपळा चोरीला गेलेला बरा. साहेबांनी घरी सगळी हकिकत सांगितली. सून आपली बाजू घेईल अशी त्यांची खात्री होती. तिने ताटातलं संपवलं, पाणी प्यायली आणि मग विचारलं, "बाबा, तुम्ही नोकरीत असताना स्वतःच्या जमिनीचा वाद स्वतः मिटवला असता का?"

"छे. ते नियमात बसत नाही."

"हं," ती म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

साहेब बराच वेळ हात न धुताच बसून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बेकरीत गेले आणि बेकरीवाल्यासमोर त्यांनी एक कागद ठेवला. झाडाबद्दल वाद झाला की नोकरीत ते नेहमी बुंधा कुठे आहे ते बघत. वेलाचंही मूळ बघावं. मूळ दहा नंबरमध्ये निघालं तर भोपळा संपूर्णपणे दहा नंबरचा, नऊ नंबरची काही हरकत नाही, असं त्यात लिहून खाली सही केली होती. मोजणी मात्र आपण करू, पण बाईंच्या आणि बेकरीवाल्याच्या समक्ष, आणि फितीचं दुसरं टोक बाईंनी धरायचं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी तिघे जमले. मावशींनी कोरड्या आवाजात नमस्कार केला आणि फितीचं टोक घेतलं. साहेब गुडघ्यांवर बसले आणि भोपळ्याच्या देठापासून वेल धरून मागे मागे सरकू लागले. दोरी ओलांडून ते जंगलात शिरले. बेकरीवाला दोन्ही हातांनी पाला बाजूला धरत होता. वेल सरळ येत नव्हता. तो घेवड्याच्या काठ्यांना वळसा घालून आला होता, झेंडूखालून गेला होता, काकडीशी त्याने गाठ मारली होती. जागोजाग पेरांपाशी मुळं फुटून जमिनीत उतरली होती, आणि दर वेळी बेकरीवाल्याला वाटायचं की आलं एकदाचं. साहेब मान हलवायचे, हे मूळ नव्हे, वेल पुढे जातोय. ते हलक्या आवाजात आकडे म्हणत होते. अकरा. साडेबारा. चौदा. त्यांच्या कोपराला माती, केसांत झेंडूच्या पाकळ्या. मावशी फीत सोडत मागे उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

एकवीस फुटांवर दहा नंबरचा तुकडा संपला. वेल संपला नाही. तो पलीकडच्या कडेने फळीखालच्या फटीतून बाहेर गेला होता. साहेब उठले, फळीला वळसा घालून गेले आणि पुन्हा वाकले. चोवीस. सव्वीस. मग ते थांबले.

वेल बागेच्या खताच्या ढिगातून आला होता. बोटभर जाड बुंधा, सालं आणि सडक्या पाल्यात खोल रुतलेला. कुणाच्या तरी घरच्या भोपळ्याच्या बिया कचऱ्याबरोबर तिथे पडल्या असणार. मावशींनी तो कधी पेरला नव्हता. इतकी दाटी होती की आपणच केव्हातरी लावला असेल, असं त्यांनी धरून चाललं होतं.

"नऊचाही नाही," साहेब म्हणाले, "दहाचाही नाही."

आधी बेकरीवाल्याला हसू फुटलं. त्याने ते दाबायचा प्रयत्न केला आणि ते नाकातून बाहेर आलं. मग मावशी हसल्या, इतक्या की त्यांना फळीचा आधार घ्यावा लागला. साहेब मातीने भरलेल्या हातांनी फीत गुंडाळत होते, त्यांची फीत मध्येच सुटली आणि तेही हसायला लागले. बेकरीवाल्याने पालथ्या बादल्या आणल्या, दोघांना त्यांवर बसवलं आणि चहा आणतो म्हणून गेला.

मावशींनी डोळे पुसले. मग त्या साहेबांकडे वळल्या. "एक विचारू? तुम्ही कधी प्रसूतिगृहाचा व्हरांडा मोजला होता का?"

साहेब चमकले. त्यांना आठवेना. मग आठवलं. चौतीस वर्षांपूर्वी, मुलाच्या वेळी. आत जाऊ देत नव्हते, म्हणून ते त्या लांबलचक व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते.

"मघाशी तुम्ही आकडे म्हणत होतात ना, तेव्हा मला ओळख पटली," मावशी म्हणाल्या. "मी दारातून बाहेर आले तर तुम्ही मला अडवून सांगितलंत की भिंतीवरच्या आराखड्यात व्हरांडा एकशे दहा फूट लिहिलाय, प्रत्यक्षात एकशे बारा आहे. माझ्या उभ्या नोकरीत असं सांगणारा बाप दुसरा भेटला नाही. मी आत जाऊन तुमच्या बायकोला सांगितलं की बाई गं, तुझा नवरा बाहेर इमारत मोजतोय. कळा चालू होत्या तिला. तरी हसली. म्हणाली, मोजू द्या त्यांना. घाबरले की ते मोजतात."

 गुंडाळलेली फीत साहेबांनी दोन्ही तळव्यांत धरली होती. आपण का मोजतो, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. फडताळ, पडदे, डबे. बायकोला माहीत होतं, आणि ती त्यांना कधी बोलली नव्हती.

"असं म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"अगदी असंच."

बेकरीवाला चहा घेऊन आला तेव्हा दोघे गप्प बसले होते, पण ते गप्प बसणं मागच्या चार दिवसांतलं नव्हतं, हे त्याला लांबूनच समजलं. साहेबांनी कप घेतला आणि म्हणाले की त्या दिवशी भोपळ्यावरून आपण जे बोललो ते बरोबर नव्हतं. मावशी म्हणाल्या, आपणही जे बोललो ते बरोबर नव्हतं, आणि आता चहा निवेल.

मेळाव्याला गर्दी झाली. बागेत न राबणारेही पुष्कळ आले, कुणी बिया घ्यायला, कुणी पोरांना गांडुळं दाखवायला. स्पर्धेच्या यादीत बेकरीवाल्याने लिहिलं होतं, 'भोपळा, खताचा ढीग, राबणारे सर्व.' चौघांनी मिळून तो काट्यावर चढवला. एकतीस किलो भरला आणि दुसरा आला. बसचालकाचा चौतीस भरला होता. हरलेल्यांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की जिंकलेला गोंधळला. दुसऱ्या नंबरचं प्रशस्तिपत्र ढिगाच्या फळीला टाचलं. भोपळ्याच्या फोडी करून बेकरीवाल्याने त्या आपल्या भट्टीत खरपूस भाजून आणल्या, आणि चाळीस तुकड्यांतल्या प्रत्येकाने आपण टाकलेल्या सालांचा यात किती वाटा आहे यावर चवीने वाद घातला.

सुनेने नवऱ्यालाही ओढून आणलं होतं. साहेबांनी त्याला मावशींपुढे उभं केलं. मावशींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, वजन काही आठवत नाही रे तुझं, पण या भोपळ्यापेक्षा लहान होतास एवढं नक्की. व्हरांड्याची गोष्ट त्याने तेव्हा पहिल्यांदा ऐकली. तो हसला, आणि मग बराच वेळ वडिलांच्या शेजारी नुसता उभा राहिला. सून मात्र तिकडे बेकरीवाल्याला विचारत होती की एखादा अर्धा तुकडा निघेल का, तिच्या इस्पितळातल्या दोघीतिघींना हवा होता. बेकरीवाल्याने तिला सांगितलं की तुकड्यासाठी आता यादीत नाव घालून थांबावं लागतं, आणि ती यादी तुमचे सासरेच ठेवतात.

पुढच्या सोमवारी बाग रिकामी होती. मावशींचा गुडघा मेळाव्याच्या धावपळीने सुजला होता, म्हणून त्या पायवाटेवर स्टूल टाकून बसल्या होत्या आणि साहेब दहा नंबरच्या जंगलात उभे राहून घेवड्याच्या शेंगा तोडत होते. कुठल्या कोवळ्या आणि कुठल्या जून, ते मावशी बसल्या जागेवरून सांगत होत्या. थोड्या वेळाने साहेबांनी पाठ न वळवताच विचारलं की ती आणखी काही म्हणाली होती का, त्या दिवशी.

मावशींनी खूप आठवून पाहिलं. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. हजारो बायका त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. "नाही हो," त्या म्हणाल्या. "मला तेवढंच आठवतं. पुढचं तुम्हालाच माहीत. कशी होती ती?"

साहेबांच्या हातात मूठभर शेंगा होत्या. सहा वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. घरात सगळ्यांना वाटायचं, त्यांना त्रास होईल. त्यांनी शेंगा टोपलीत टाकल्या, दुसरी बादली पालथी घातली आणि मावशींच्या समोर बसले.

"फार बोलायची," त्यांनी सुरुवात केली. "आणि गाणं म्हणायची तर एकही सूर धड लागायचा नाही."

ते सांगत गेले. पलीकडे नळाखाली लावलेली झारी भरली, वाहू लागली, पाणी पायवाटेवर आलं आणि बावीस नंबरकडे वळलं. मावशींच्या ते लक्षात आलं होतं, पण त्या उठल्या नाहीत.